कोंढाण्याचा उंदीर

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेत मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्याख्यानमालेत मुख्याध्यापिकेने एखाद्या वाङ्मयीन विषयावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. माझे शिक्षणही मराठी साहित्याचेच झाले आहे. तरीही आज मी उंदरावर बोलणार आहे, आणि हा विषय मला या शाळेनेच दिला आहे.

स्मरणिकेच्या कामासाठी आम्ही जुने दप्तर बाहेर काढले तेव्हा पावसाळा होता. म्हणजे आपला चेन्नईचा पावसाळा, दिवाळीनंतरचा. तळमजल्यावरील खोलीत पाणी येईल या धास्तीने लाकडी पेटी वर आणली, उघडली, आणि पाहते तो पहिल्या काही वर्षांच्या जनरल रजिस्टरांच्या कडा उंदरांनी कुरतडून टाकलेल्या. कुठे जन्मतारीख आहे तर आडनाव नाही, कुठे वडिलांचे नाव आहे तर मुलाचे नाही. साठ वर्षांपूर्वी ज्यांनी या शहरात आपल्या मुलांना मराठीतून शिकवायचे ठरवले, त्या माणसांची नावे अशी अर्धी झालेली पाहून मला फार संताप आला. शिपाईमामांना मी तिथल्या तिथे पिंजरे आणायला सांगितले. मदतीला सातवीतल्या दोन मुली होत्या. त्यांतली एक अगदी शांतपणे म्हणाली, "बाई, पण हा कोणता उंदीर?"

"कोणता म्हणजे काय? उंदीर!" असे मी म्हटले आणि विषय संपवला.

तो संपला नाही. आपण मुलांना पक्ष्यांची तीस-चाळीस नावे शिकवतो. खंड्या, सुतार, धोबी, बुलबुल ही नावे त्यांना पाठ असतात. फुलपाखरांचे तक्ते भिंतीवर लावतो. उंदराच्या बाबतीत मात्र एका शब्दात सगळे भागते. फार तर घूस आणि चिचुंद्री एवढी भर पडते, आणि त्यांतली चिचुंद्री तर उंदरांच्या कुळातलीच नाही. ती कीटकभक्षी, निराळ्या गोत्राची. आपल्या तमिळ शेजाऱ्यांकडे 'एली' आणि 'पेरुच्चाळी' असा भेद आहे. घुशीचे इंग्रजी नाव 'बँडिकूट' हेही मूळचे तेलुगूतले, पंदिकोक्कु म्हणजे डुक्कर-उंदीर. संस्कृताने 'मुष्' म्हणजे चोरणे या धातूवरून मूषक हा शब्द घडवला. नावातच चोरीचा आरोप असलेला असा दुसरा प्राणी मला आठवत नाही. गणरायाने त्याला पायाशी जागा दिली, परंतु आपण तो मान वर्षातून दहा दिवसांपुरताच ठेवला.

भारतात कृंतक गणातल्या, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या, शंभराच्या आसपास जाती आहेत. त्यांपैकी घरात, गोदामात आणि शेतात माणसाला उपद्रव देणाऱ्या जाती दीड-दोन डझनांहून अधिक नाहीत. बाकीच्यांना आपल्या धान्याशी वा रजिस्टरांशी काही देणेघेणे नसते. त्या रानात, खडकांत, गवतात, झाडांच्या ढोलीत राहतात आणि बहुतेक रात्रीच वावरतात. मुलीच्या प्रश्नामुळे मी जे थोडेफार वाचले, त्यात अशाच एका उंदराची गाठ पडली, आणि तो निघाला थेट आपल्या सिंहगडावरचा.

सिंहगड म्हटले की या सभागृहातल्या प्रत्येक मुलाला काय आठवते ते मला ठाऊक आहे. ४ फेब्रुवारी १६७०, तानाजी मालुसरे, तुटलेला दोर, आणि अर्थातच ती घोरपड. यशवंती घोरपडीची कथा पोवाड्याने घरोघरी नेली. इतिहासकार ती ग्राह्य धरीत नाहीत. तीन वर्षांपूर्वी आपली सहल पुण्याला गेली होती तेव्हा कड्याच्या कठड्याशी उभे राहून मुलांनी विचारले होते, "घोरपड नेमकी कुठून चढली?" मी बोट दाखवले. जिच्याविषयी खात्री नाही अशा प्राण्याची जागा मी दाखवली, आणि त्याच वेळी आमच्या पायांखाली बिळात झोपलेला, त्या गडाचे नाव धारण करणारा खराखुरा प्राणी मला माहीतही नव्हता.

त्याचे शास्त्रीय नाव मिलार्डिया कोंडाना. मराठीत कोणी त्याला वेगळे नाव दिलेले माझ्या वाचनात नाही. म्हणून मी त्याला कोंढाण्याचा उंदीर म्हणते. गडाचे जुने नाव कोंढाणा. ते आता पोवाड्यांत, बखरींत आणि पाठ्यपुस्तकांत उरले आहे. जगभरच्या प्राणिशास्त्राच्या यादीत ते एका उंदराने जिवंत ठेवले आहे, ही गोष्ट मला विलक्षण वाटली. नावाचा पहिला भाग मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्यावरून आला आहे. त्यांच्या खटपटीने १९११ साली देशातल्या सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी सुरू झाली, आणि त्याच वर्षी ब्रिटिश म्युझियममधील ओल्डफील्ड थॉमस यांनी मऊ केसांच्या उंदरांच्या या प्रजातीला त्यांचे नाव दिले.

कोंढाण्याच्या उंदराचा शोध कोणी लावला, हे ऐकून विद्यार्थ्यांना नवल वाटेल. तो लागला विषाणूंचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत. पुण्याचे व्हायरस रिसर्च सेंटर, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, १९५२ साली स्थापन झाले. पुढे १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाचा ताप उद्भवला. रानातल्या गोचिड्या, माकडे आणि लहान प्राणी यांच्यामार्फत काही रोग माणसापर्यंत येतात, हे त्या प्रकरणाने ठळकपणे पुढे आले. त्यामुळे उंदरांच्या अंगावरील गोचिड्या, पिसवा आणि इतर परजीवी तपासणे हा तिथल्या शास्त्रज्ञांच्या कामाचा भाग झाला. परजीवी तपासायचा तर तो कोणाच्या अंगावर सापडला, हे आधी अचूक सांगता आले पाहिजे. म्हणजे त्यांनाही माझ्या सातवीतल्या मुलीचाच प्रश्न पडत होता. ए. सी. मिश्रा आणि व्ही. ढांडा या दोघांनी कवट्या, दात, पाऊल यांची मापे ताडून पाहिली, या प्रजातीतल्या सगळ्या जातींचा फेरविचार केला, आणि सिंहगडावरील उंदीर त्याच्या परिचित भावंडाहून आकाराने मोठा आणि वेगळा आहे, असे १९७५ साली प्रसिद्ध केले. शिवाजी महाराजांपासून लोकमान्यांपर्यंत ज्या गडावर थोरामोठ्यांचा वावर होता, त्या गडाचा हा रहिवासी विज्ञानाला त्या वर्षापर्यंत अपरिचित होता. त्यानंतरही बराच काळ त्याचा पत्ता म्हणून सिंहगडाखेरीज दुसरे ठिकाण कोणाला देता येत नव्हते.

त्याच्या राहणीविषयी मी आता सांगते, कारण मुलांना तीच ऐकायची असते.

पुण्याच्या नैर्ऋत्येला, समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवर गडाचा माथा आहे. दीड-दोन तासांत पायी फिरून होईल एवढाच. खाली काळा बसाल्ट, वर मातीचा पातळ थर. जिथे खोलगट भाग आहे तिथे थोडी अधिक माती साचलेली. पावसाळ्यात माथा गवताने भरून जातो, हिवाळ्यात ते गवत पिवळे पडते, उन्हाळ्यात करपते. अधूनमधून झुडपे. उंदराला बीळ करायचे तर माती लागते, आणि माती मोजक्याच जागी आहे. बिळाबाहेर पडायचे तर आडोसा लागतो, आणि आडोसा गवताचा. पोट भरायचे तर बी, कोंब, मुळे, किडे लागतात, तेही याच गवताझुडपांत. म्हणजे त्याचा संसार विस्ताराने गडाएवढा दिसला, तरी प्रत्यक्षात गडावरच्या काही मोजक्या पट्ट्यांचा आहे.

दिवसा तो बिळात असतो. दिवसा आकाशात शिकारी पक्षी घिरट्या घालतात, खडक तापतो, आणि गडावर माणसे असतात. दिवस मावळला, पुणे दरवाजातून शेवटची माणसे खाली गेली, डोणज्याच्या वळणांवरून गाड्यांचे दिवे उतरत गेले की मग त्याचा दिवस उगवतो. अंधारात त्याला डोळ्यांपेक्षा नाक, कान आणि मिशा अधिक उपयोगी पडतात. मिशीचा केस दगडाला लागला की वाट किती रुंद आहे ते त्याला कळते. पुढचे दात जन्मभर वाढत असल्यामुळे कुरतडणे ही त्याची गरज आहे, खोड नव्हे. खाता खाता काही बी सांडते, काही पुरून विसरले जाते, ते पुढच्या पावसात उगवते. बिळांमुळे घट्ट मातीत हवा आणि पाणी जाते. आणि घुबड, साप, मुंगूस यांच्यापैकी कोणाच्या तरी पोटात त्याचा शेवट होतो. गडावर रात्री घुबड बोलते, त्यात या उंदराचाही वाटा आहे, असे म्हणायला हरकत नसावी.

त्याच्या परिचित भावंडाचा उल्लेख मघाशी आला. तो मिलार्डिया मेल्टाडा, शेतातला मऊ केसांचा उंदीर. आता ऐका, कारण इथे आपले चेन्नई कथेत येते.

वॉल्टर एलियट हा मद्रासच्या कंपनी सरकारचा मुलकी अधिकारी तरुणपणी धारवाडकडे, त्या वेळच्या 'दक्षिण मराठा मुलखात' नेमला गेला होता. १८२४ साली कित्तूरच्या राणी चेन्नम्माच्या लोकांनी ज्यांना कैद केले, त्यांत हा एलियटही होता. (आपल्या बेझंटनगरच्या एलियट्स बीचशी याचा संबंध जोडू नये, ते नाव एडवर्ड एलियट या वेगळ्या गृहस्थाचे.) वॉल्टरसाहेब सुटले, तिथेच राहिले, आणि कामाच्या वाटेवर जे जे प्राणी दिसले त्यांची टिपणे करीत गेले. दक्षिण मराठा मुलखातल्या सस्तन प्राण्यांची त्यांनी केलेली यादी १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली, ती इथून. मद्रास जर्नल ऑफ लिटरेचर अँड सायन्समध्ये. ज्या मद्रास लिटररी सोसायटीचे ते नियतकालिक, तिचे ग्रंथालय आजही नुंगमबाक्कमच्या कॉलेज रोडवर आहे. मराठी मुलखातला उंदीर मद्रासेत छापला गेला, तो असा.

एलियट यांचे वेगळेपण असे, की त्यांनी प्रत्येक प्राण्याचे स्थानिक नाव विचारले. ते सांगणारे होते वडार लोक. दगड फोडणारे, तळी खोदणारे. त्यांच्या बोलीत या उंदराला मेट्टाड म्हणत. त्यावरूनच शास्त्रीय नावातले 'मेल्टाडा' आले; लिहिता-छापताना एका 'ट'चा 'ल' झाला असावा. हा उंदीर शेतात जोडीने किंवा पाच-सहांच्या घोळक्याने राहतो, झुडपाच्या मुळाशी ओबडधोबड बीळ करतो, बांधावरच्या दगडांच्या राशीत किंवा उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडणाऱ्या भेगांत आसरा घेतो, असे ते नोंदवतात. पहिल्या पावसात भेगा मिटतात आणि आतले उंदीर मोठ्या संख्येने मरतात. १८२६ साली सुरुवातीचा पाऊसच अपुरा पडला. भेगा मिटल्या नाहीत, उंदीर मेले नाहीत, आणि त्यांची अशी पैदास झाली की पेरलेले बी त्यांनी खाल्ले आणि पुढे जोंधळ्याच्या ताटांवर चढून कणसे तोडून पाडली. शेतेच्या शेते उजाड झाली, रयतेला सारा भरता येईना. शेतकऱ्यांनी वडारांना उंदीर मारायला लावले आणि डझनांच्या हिशेबाने धान्याचे माप दिले. हजारो उंदीर मारूनही फरक दिसला नाही.

ही हकिकत मी मुद्दाम विस्ताराने सांगितली. शेतकऱ्याचा राग खोटा नाही, आणि रजिस्टरांविषयीचा माझा रागही खोटा नाही. पण पाहा, दोघे एकाच कुळातले. एक मोकळ्या शेतात पसरला. पाऊस चुकला की त्याचे लाखो होतात. दुसरा डोंगरमाथ्यावर अडकला. खाली उतरावे तर त्याचे गवत नाही, त्याची माती नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने, म्हणजे आययूसीएनने, त्याला संकटग्रस्त जातींत घातले आहे. कारणे सांगितली आहेत ती आपल्या ओळखीची: वनस्पतींचा ऱ्हास, अतिचराई, आणि पर्यटकांचा वावर.

पर्यटक म्हणजे आपणच. सिंहगडावर गेल्यावर पिठले-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातले दही खाल्ल्यावाचून कोणी परतत नाही. आम्हीही परतलो नाही. सुट्टीच्या दिवशी हजारो पावले त्याच माथ्यावर पडतात. वाटा रुंद होतात, गवत तुडवले जाते, सपाट आणि मातीच्या जागा वाहनतळांना आणि टपऱ्यांना सोयीच्या, म्हणून नेमक्या त्याच जातात. खरकटे पडते. खरकट्यामागे कुत्री येतात, मांजरे येतात, आणि गावातला उंदीरही येतो. मग एका उन्हाळ्यात कोणाच्या तरी विडीने वणवा लागतो. इतरत्र पसरलेल्या जातीला असा वणवा सोसतो. ज्याचा सगळा परिवार मोजक्या जागी, त्याचे काय?

आमच्या सहलीत चाळीस मुलांच्या कागदी द्रोणांची एक पिशवी देवटाक्याजवळ विसरून राहिली. ती माझ्या हातात होती. गाडीत बसल्यावर आठवण झाली, उशीर झाला होता, मी परत वर गेले नाही. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

आता कायद्याचे ऐका. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आपल्याला अभिमान वाटावा असा आहे. त्याच्या पाचव्या परिशिष्टात उपद्रवी प्राण्यांची यादी होती. त्यात कावळा होता, फळे खाणारी वटवाघळे होती, आणि 'उंदीर' असा सरसकट शब्द होता. त्या एका शब्दात माझी रजिस्टरे कुरतडणारा घरउंदीर आला, जोंधळा पाडणारा मेट्टाड आला, आणि जगात मोजक्या जागी उरलेला कोंढाण्याचा उंदीरही आला. एकीकडे संकटग्रस्त आणि दुसरीकडे कायद्याने उपद्रवी, अशी त्याची अवस्था जवळजवळ पन्नास वर्षे राहिली. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्ट काढून टाकले. ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. कायदा करणारे निर्दय होते असे मी म्हणणार नाही. त्यांनीही माझ्यासारखेच म्हटले असेल, "कोणता म्हणजे काय? उंदीर!"

आणि हा प्रश्न केवळ पुण्याचा नाही. आपल्या तमिळनाडूत, सेलमजवळ, शेवरॉय टेकड्यांच्या पायथ्याशी कुरुंबपट्टी आहे. तिथे सापडलेल्या खडकउंदराचे वर्णन जॉन एलरमन यांनी १९४० च्या दशकात केले; त्याचे शास्त्रीय नाव क्रेम्नोमिस एल्व्हिरा. 'क्रेम्नोमिस' म्हणजे कड्यावरचा उंदीर. तोही रात्रीचा, कोरड्या झुडपी रानातल्या खडकांत राहणारा, आणि त्याची स्थिती कोंढाण्याच्या उंदराहूनही बिकट, अतिसंकटग्रस्त. आपल्यापैकी अनेकांनी येरकाडला जाताना तो पायथा ओलांडला असेल. मीही चार वेळा ओलांडला आहे.

परक्या मुलखात एका लहानशा जागेला धरून राहिलेले हे जीव आणि साठ वर्षे या शहरात मराठी धरून राहिलेली आपली शाळा, यांची तुलना करण्याचा मोह मला झाला होता. तो मी आवरला, कारण हे उंदीर परके नाहीत. ते त्या जागेचेच आहेत. आपण तिथे नंतर आलो.

शिपाईमामांच्या पिंजऱ्यात तिसऱ्या दिवशी एक उंदीर सापडला. मी त्या मुलीला बोलावून घेतले. तिने दुरून, पिंजऱ्याला हात न लावता, डोळ्यांनी अंदाज घेतला आणि वहीत लिहिले: शेपूट डोके-धडाहून लांब, कान मोठे, घरउंदीर. त्याची पुढची व्यवस्था शिपाईमामांनी केली. ती मी विचारली नाही. फाटलेली रजिस्टरे आता लोखंडी कपाटात आहेत, आणि अर्ध्या राहिलेल्या नावांपैकी अकरा नावे आज इथे उपस्थित असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी पुरी करून दिली आहेत.

येत्या जानेवारीत सातवीची सहल सेलमला न्यायचे ठरले आहे. तो उंदीर तुम्हाला दिसणार नाही, तुम्ही जाल तेव्हा तो खडकाच्या फटीत झोपलेला असेल, हे मी मुलांना आधीच स्पष्ट सांगितले. तरीही सत्तावीस मुलांनी नावे दिली आहेत.